आधीं निदान, मग पाना

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं आठ दिवस आजारपण होतें. आजारी पडला होता तो आमच्या पुतण्याचा लहान मालट्रक. वाचकांना हंसूं येईल. परंतु ज्या घरांत शेतीच्या उत्पन्नाला जोड म्हणून अशी एखादी गाडी बाळगलेली असते, त्या घराला हें विधान मुळींच विनोदी वाटणार नाहीं. गाडी आंगणांत उभी राहिली तरी बँकेचा हप्ता उभा राहत नाहीं; तो चालतच असतो.

या सदरांत आम्ही बहुधा मुलांचें वळण, शुद्ध भाषा, आहारविहार अशा विषयांवर लिहितों. या खेपेस विषय इंजिनाचा आहे. तरी आमच्या भगिनींनीं पान उलटूं नये अशी विनंति आहे. कारण ज्यांना कुकरची रबरी चकती बदलतां येते, त्यांना हा विषय आमच्यापेक्षां लवकर कळेल.

आमचें आंधळगांव भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यांत आहे. गांव विणकरांचें, कोशाच्या रेशमी वस्त्रांची गोष्ट निघाली म्हणजे या भागांतील ज्या थोड्या गांवांचीं नांवें निघतात त्यांत आमचेंही एक. भोंवतालचा मुलूख मात्र सर्व धानाचा. कार्तिक-मार्गशीर्षांत कापणी-मळणी होऊन पोतीं एकदमच घराबाहेर पडूं लागतात, आणि मग महिना-दीड महिना लहान गाड्यांना उसंत म्हणून नसते. मोठा ट्रक शेताच्या बांधापर्यंत पोंचत नाहीं. बैलगाडी तुमसरच्या बाजारापर्यंत वेळेवर जात नाहीं. ही मधली सेवा लहान मालट्रक करतो. २००५ सालीं टाटांची ‘एस’ नांवाची गाडी बाजारांत आली, तिला लोकांनीं ‘छोटा हत्ती’ म्हटलें आणि पुढें त्या जातीच्या हरएक गाडीला तेंच नांव चिकटलें. आमच्या पुतण्याची गाडीही याच जातीची. तिचा कारखानदार कोण हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं; या गोष्टींत दोष त्याचा नव्हता.

गाडी चालवणारा मुलगा एका विणकराचा. आमच्याच हाताखालीं तो चौथीपर्यंत शिकला. बापाच्या मागावर दोघांचें पोट भरेना, म्हणून तो चाकाशीं बसला. तीन वर्षें आमच्याकडे आहे. एके दिवशीं सकाळीं तो अठरा पोतीं धान घेऊन तुमसरकडे निघाला, आणि दीड-दोन तासांत त्याचा फोन आला : उष्णतेचा कांटा तांबड्या रेघेला लागला आहे, गाडी कडेला घेतली आहे. संध्याकाळीं ट्रॅक्टरला दोर लावून गाडी आंगणांत आणली.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें जवळपासच्या एका मेकॅनिकला आणलें. इंजिन सुरू करतांच मागच्या नळींतून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. त्या गृहस्थानें पांच मिनिटें पाहिलें, कपाळावरचा घाम पुसला आणि निकाल दिला : “हेड गॅस्केट उडालें. इंजिन पूर्ण बांधावें लागेल. पन्नास हजार धरून चाला.” जातां जातां तो आणखी एक वाक्य टाकून गेला. “गरम गाडी हाकली असेल, ड्रायव्हर लोकांची संवयच असते ती.”

हें शेवटचें वाक्य रात्रीं ओसरीवर फार उपयोगी पडलें. घरांत मोठें नुकसान झालें म्हणजे तें कोणाच्या तरी नांवावर मांडल्याशिवाय माणसांना झोंप येत नाहीं. आमचे वडील बंधु म्हणाले, निम्मा खर्च त्याच्या पगारांतून कापावा. पुतण्या कांहीं बोलला नाहीं, म्हणजे त्याची संमति होती. मुलगा विहिरीपाशीं उभा होता. त्याला बोलावलें तेव्हां तो इतकेंच म्हणाला, “कांटा चढला तसा मी थांबलो जी. इंजिन बंद करून टाकलो. पाण्याचं मी दोन खेपा सांगितलो होतो.” पाण्याचें काय सांगितलें होतें, हें त्याला कोणीं विचारलें नाहीं. आम्हींही विचारलें नाहीं.

तथापि एक गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली. पस्तीस वर्षें आम्हीं मुलांचीं गणितें तपासलीं. उत्तर चुकलें हें शेजारचा मुलगाही सांगूं शकतो. तें कोणत्या पायरीवर चुकलें हें शोधणें हा शिक्षकाचा धंदा. पांच मिनिटांत दिलेला हा निकाल खरा असेलही, पण त्यांत पायऱ्या नव्हत्या. म्हणून आम्हीं मोहाडीस गॅरेज चालवणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, “गुरुजी, उद्यां सकाळीं येतों. तोंवर गाडीला कोणी हात लावूं नका. इंजिन थंड पाहिजे.”

तो आला आणि त्यानें पहिला अर्धा तास पान्याला हातसुद्धां लावला नाहीं. वैद्य जसा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तीन वाटांनीं रोग्याकडे जातो, तसा तो गाडीकडे गेला. शेवटचें पाणी केव्हां घातलें? किती घातलें? कांटा हळूहळू चढला कीं एकदम? गाडी थांबवल्यावर गरम असतांनाच थंड पाणी ओतलें काय? मुलानें या सर्वांचीं उत्तरें नीट दिलीं. पाणी ओतलें नव्हतें. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी पडलें तर ओतीव धातूला तडा जातो, हें त्याला ठाऊक होतें.

येथें इंजिनाची रचना थोडक्यांत सांगणें भाग आहे. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक. त्यांत सिलिंडरचीं भोंकें असून त्यांत दट्ट्या वरखालीं होतो. वरचें झांकण म्हणजे हेड. कुकरचें भांडें आणि झांकण यांच्यामध्यें जशी रबरी चकती, तशी ब्लॉक आणि हेड यांच्यामध्यें एक पातळ पत्र्यासारखी वस्तु दाबून बसवलेली असते. तिचें नांव गॅस्केट. फरक इतकाच कीं कुकरच्या चकतीला एकटी वाफ अडवायची असते, तर हिला तीन शेजारी एकमेकांच्या घरांत शिरूं न देण्याची कामगिरी असते : सिलिंडरांतील आग, त्याच्या भोंवतीं फिरणारें थंड करणारें पाणी, आणि वरखालीं जाणारें तेल. डीझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. हवा सुमारें वीसपट दाबून इतकी तापवतात कीं डीझेलचा फवारा तीत पडतांच पेट घेतो. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं हें तत्त्व चालत्या यंत्रांत सिद्ध केलें. एवढ्या दाबाच्या शेजारीं बोटभर अंतरावर पाणी वाहत असतें, आणि मध्यें एकट्या त्या गॅस्केटचा पहारा.

इंजिन फाजील तापलें म्हणजे हा पहारा कां मोडतो? पुष्कळ गाड्यांचें हेड ॲल्युमिनियमचें आणि ब्लॉक बिडाचा असतो. ॲल्युमिनियम उष्णतेनें बिडाच्या सुमारें दुप्पट वाढतें. ४० सेंटिमीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी १०० अंश सेंटिग्रेडनें तापली तर जवळ जवळ ०.९ मिलिमीटर लांबते. तेवढीच बिडाची पट्टी त्याच्या निम्म्यानें. हेड बोल्टांनीं घट्ट जखडलेलें, वाढायला वाव नाहीं. मग तें वांकतें. वांकलें कीं गॅस्केटवरचा दाब एखाद्या जागीं सैल पडतो, आणि आग तेवढीच फट शोधून काढते.

आतां धुराविषयीं. तर्कशास्त्र शिकणाऱ्या बटूला डोंगरावरचा धूर आणि त्यावरून अनुमानलेला अग्नि हा दृष्टांत पहिल्या दिवसापासून पाठ असतो. परंतु आमच्या जुन्या तर्कशास्त्र्यांनीं त्यास एक पथ्यही जोडून दिलें आहे : समोर दिसतें तें धूर आहे कीं वाफ, ही शंका फिटली नसेल तोंवर अनुमान उभें राहत नाहीं. आमचा विद्यार्थी हें शास्त्र शिकलेला नाहीं, पण त्यानें नेमकें हेंच पथ्य पाळलें. तो म्हणाला, पांढऱ्या लोटाचीं तीन कारणें असतात. थंडींत रात्रभर नळींत सांचलेल्या दंवाची वाफ निघते; ती थोड्या मिनिटांत आपोआप थांबते. न जळलेल्या डीझेलचाही पांढरा धूर होतो; तो उग्र असतो, डोळ्यांना झोंबतो. तिसरी वाफ सिलिंडरांत गळलेल्या पाण्याची; ती इंजिन तापल्यावरही थांबत नाहीं, आणि पाण्यांत कूलंट असेल तर तिला गोडसर वास येतो. त्यानें नळीजवळ हात धरून वास घेतला आणि मान हालवली. “वाफ पाण्याचीच दिसते, गुरुजी. पण गोड वास कां येत नाहीं?” आम्हीं त्या प्रश्नाकडे त्या वेळीं लक्ष दिलें नाहीं.

यानंतर त्यानें एकामागून एक परीक्षा केल्या. ज्यांच्या घरीं अशी गाडी आहे त्यांनीं त्या ध्यानांत ठेवाव्या, कारण यांतील पहिल्या तीन कोणालाही डोळ्यांनीं पाहतां येतात.

पहिली परीक्षा पाण्याची. थंड इंजिनावर रेडिएटरचें झांकण उघडलें तों आंत दीडएक लिटर पाणी कमी. पण खालीं जमिनीवर थेंब नाहीं, नळ्या कोरड्या, पाणी फिरवणारा पंप (गॅरेजांत त्यास वॉटर बॉडी म्हणतात) कोरडा. पाणी बाहेर सांडलें नाहीं, तर गेलें कोठें?

दुसरी परीक्षा तेलाची. तेल भरण्याच्या झांकणाखालीं थोडी दुधट साय दिसत होती. पुतण्या लगेच म्हणाला, “म्हणजे ऑइल-पाणी एक झालं!” विद्यार्थ्यानें त्याला थांबवलें. थंडींत जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडींत आंतली दमट हवा निवून अशी साय झांकणाला धरते. तेवढ्यावरून निर्णय करूं नये. त्यानें तेल मोजण्याची पट्टी काढून दाखवली. तीवरचें तेल काळें, पण स्वच्छ होतें. तेव्हां पाणी तेलांत गेलें नव्हतें.

तिसरी परीक्षा बुडबुड्यांची. रेडिएटर कांठोकांठ भरून, झांकण उघडें ठेवूनच, त्यानें थंड इंजिन सुरू केलें. बुडबुडे आले. तो म्हणाला, पहिले बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते मोजूं नयेत. थोड्या वेळानें ते थांबावयास पाहिजे होते. ते थांबले नाहींत, उलट इंजिनाचा वेग वाढवतांच जोरानें उसळूं लागले. झांकण लावल्यावर वरची जाड रबरी नळी, इंजिन अजून कोमट असतांनाच, दगडासारखी टणक झाली. पाणी उकळलें नसतां एवढा दाब कोठून आला? सिलिंडरांतून.

चौथी परीक्षा रसायनाची, आणि ती घरांतल्या मुलांना फार आवडली. एका कांचेच्या नळींत निळा द्रव होता. रेडिएटरच्या तोंडाशीं जमलेली हवा रबरी गोळ्यानें ओढून त्या द्रवांतून सोडतात. त्या हवेंत ज्वलनाचा कर्बद्विप्राणिद वायु असेल तर निळा रंग हिरवट-पिवळा होतो. पाण्याच्या टांकींत आगीचा वायु असण्याचें कांहींच कारण नाहीं. असला तर भिंत फुटली आहे. आमच्या डोळ्यांदेखत निळ्याचें हिरवें आणि हिरव्याचें पिवळट झालें.

पांचव्या परीक्षेंत हातपंपानें रेडिएटरांत ठराविक दाब भरून ठेवला. कांटा हळूहळू उतरला आणि बाहेर कोठेंही ओल आली नाहीं. त्याच पंपावर त्यानें रेडिएटरचें झांकणही तपासलें. हें झांकण म्हणजे कुकरची शिट्टीच. आंतला दाब राखून तें पाण्याचा उत्कलनबिंदु वाढवतें. वातावरणाच्या दाबावर १०० अंशांना उकळणारें पाणी त्याहून एक वातावरण अधिक दाबाखालीं सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. आमच्या झांकणाची रबरी कडा चिरलेली होती. तें अर्धाही दाब धरीना.

“आतां म्हणतों, गॅस्केट गेलं,” तो म्हणाला. म्हणजे पहिल्या मेकॅनिकचें उत्तर बरोबरच होतें. पण विद्यार्थ्यानें पुढें जी पुस्ती जोडली ती पन्नास हजारांच्या मोलाची होती : “इंजिन बांधायचं कीं नाहीं, तें हेड उतरवल्यावर ठरेल. आणि गॅस्केट कां गेलं तें सांपडल्याशिवाय मी नवीन घालणार नाहीं. नाहीं तर सहा महिन्यांनीं तुम्ही पुन्हां मला बोलावाल.”

दुसऱ्या दिवशीं हेड उतरवलें. बोल्ट सोडण्याचाही क्रम असतो. इंजिन पूर्ण थंड असावें. कडेच्या बोल्टांपासून मध्याकडे येत, प्रत्येक थोडा थोडा सैल करावा. एकच बोल्ट एकदम सोडला तर चांगलें हेडही पिळवटतें. हेड उचललें तेव्हां जुन्या गॅस्केटवर दुसऱ्या सिलिंडरपासून पाण्याच्या भोंकापर्यंत एक काळी, जळकी वाट उमटलेली होती. करंगळीच्या नखाएवढी ती वाट, आणि तिच्यापायीं सारें घर अडलें होतें.

मग त्यानें हेडच्या तळावर पोलादी सरळपट्टी ठेवली आणि तिच्याखालीं पातळ मोजपत्रे सरकवून पाहिले. या कामीं मिलिमीटरच्या विसाव्या-दहाव्या हिश्शाची मर्यादा असते. प्रत्येक इंजिनाची नेमकी मर्यादा त्याच्या पुस्तकांत दिलेली असते. आमचें हेड मर्यादेच्या किंचित् बाहेर होतें. सिलिंडरांच्या भिंतींवर ओरखडा नव्हता, दट्ट्ये गुळगुळीत होते. तो उठून उभा राहिला आणि मुलाकडे बोट करून आमच्या बंधूंना म्हणाला, “काका, यानं गाडी गरम हाकली असती तर हेडला तडा गेला असता आणि दट्ट्या भिंतीला चिकटला असता. हा वेळेवर थांबला म्हणून इंजिन वांचलं.” आमचे बंधु कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं उपरणें झटकून पुन्हां खांद्यावर टाकलें.

“मग कारण काय?” पुतण्यानें विचारलें.

विद्यार्थ्यानें हेडमधील पाण्याच्या वाटा दाखवल्या. ज्यांच्या घरीं अद्याप तांब्याचा बंब आहे त्यांनीं त्याच्या आंतला थर आठवावा. तसाच पांढरट-तांबूस थर त्या वाटांत बसला होता. कांहीं भोंकें निम्मीं बुजलीं होतीं. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यांत चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलें कीं ते भिंतीवर बसतात, आणि हा थर उष्णतेला बाहेर जाऊं देत नाहीं. भरीस लोखंडाला गंज. कारखानदार म्हणूनच साधें पाणी घालण्यास मनाई करतात. क्षारविरहित पाण्यांत ग्लायकॉलचें कूलंट बहुधा निम्म्यास निम्मे मिसळून घालावयाचें असतें. त्यानें गंज धरत नाहीं, थर बसत नाहीं, आणि मिश्रण पाण्याहून उशीरा उकळतें. “याच्यात तर कूलंटचा टिपूस नाहीं. नुसतं विहिरीचं पाणी आहे. म्हणून त्या दिवशीं वास आला नाहीं. कोणीं सांगितलं होतं पाणी घालायला?”

मुलगा खालीं पाहत होता. तो कांहीं म्हणाला नाहीं.

या घराची खर्चाची वही आम्ही लिहितों. कोठल्या कपाटांत कोणत्या सालची वही आहे हें आम्हांला अंधारांतही सांपडतें. आम्ही आंत गेलों, तीन वर्षांपूर्वींची वही काढली, आणि पानें उलटलीं. गाडी घेतल्यावर पहिल्या वर्षींची एक नोंद होती. ड्रायव्हरनें मागितलेल्या वस्तूंच्या यादींत ‘कूलंट’ हा शब्द लिहून त्यावर आडवी रेघ मारली होती, आणि पुढें आमच्या अक्षरांत लिहिलें होतें : ‘रंगीत पाणी. गरज नाहीं.’ सहा महिन्यांनीं पुन्हां तीच मागणी, पुन्हां तीच रेघ. त्यानें ‘दोन खेपा सांगितलो होतो’ म्हटलें तें हें होतें.

आम्ही वही घेऊन ओसरीवर आलों. सर्व मंडळी होती, म्हणून जें सांगावयाचें तें सर्वांसमोरच सांगितलें : गॅस्केट उष्णतेनें गेलें, उष्णता थरामुळें वाढली, थर विहिरीच्या पाण्यानें बसला, आणि विहिरीचें पाणी या घरच्या थोरल्या मास्तरांच्या हुकुमानें घातलें गेलें. वही मुलाच्या हातीं दिली. त्यानें ती वाचली. आमच्या शाळेंत तो वाचनांत मंद होता, पण ही ओळ त्यानें अडखळल्याशिवाय वाचली आणि वही दोन्ही हातांनीं परत देत म्हणाला, “अक्षर तुमचंच आहे, गुरुजी.” त्यापुढें एक शब्दही बोलला नाहीं. पगारांतून कपात करण्याची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं. तरी त्या रात्रीं आम्हांला झोंप आली नाहीं. त्या मुलाच्या पगारावर त्याचें घर चालतें. आमच्या अक्षरांतली चूक त्याच्या ताटांतून वसूल होण्याची सर्व तयारी झाली होती, आणि आम्ही त्या बैठकींत मुकाट्यानें बसलों होतों.

पुढील काम सरळ होतें. हेड नागपुरास पाठवून त्याचा तळ यंत्रावर अगदीं पातळ घासून सपाट करून आणला, आणि आंतून दाब देऊन कोठें तडा नाहीं याची खात्री करून घेतली. ब्लॉकचा माथा त्यानें सपाट पट्टीनें आणि द्रवानें साफ केला. खरखरीत पॉलिशकागद लावूं दिला नाहीं, कारण त्याचे ओरखडे नव्या गॅस्केटला नडतात आणि त्याची पूड तेलांत जाते. फार जुन्या गाड्यांच्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असे. तीं कोरडीं खरवडूं नयेत, ती धूळ फुप्फुसांस घातक असते. बोल्टांच्या भोंकांत सांचलेलें तेल-पाणी त्यानें कापडानें टिपून घेतलें. तें राहिलें तर बोल्ट आंवळतांना कोंडलेल्या द्रवाच्या दाबानें ब्लॉकच फुटूं शकतो. डीझेल इंजिनांच्या गॅस्केटांत जाडीचे प्रकार असतात. दट्ट्या किती वर येतो हें मोजून जाडी निवडावी लागते. नवे बोल्ट आंवळतांना क्रम उलटा : मध्यापासून कडेकडे, ठराविक जोर दाखवणाऱ्या टॉर्क पान्यानें, दोन-तीन फेऱ्यांत. अंदाजानें आंवळलेला बोल्ट म्हणजे अंदाजानें घातलेलें मीठ नव्हे; मीठ जास्त झालें तर आमटी फुकट जाते, येथें इंजिन जातें.

रेडिएटर क्षारनाशक द्रवानें धुतला, झांकण नवें घातलें. थर्मोस्टॅट म्हणून एक लहान झडप असते. इंजिन तापेपर्यंत ती पाणी अडवते आणि ठराविक अंशाला उघडते. ती आमच्या स्वयंपाकघरांत तपासली. वहिनींनीं एका जुन्या पातेल्यांत पाणी ठेवलें, विद्यार्थ्यानें झडप दोऱ्यानें त्यांत सोडली आणि उष्णतामापक धरला. ८० अंशांच्या आगेमागे ती फुलासारखी उघडली. वहिनी म्हणाल्या, “हिचं काम चांगलं आहे, हिला बदलूं नका.” झडप बदलली नाहीं.

सर्व खर्च पंधरा हजारांच्या आंत बसला. तीन वर्षांत कूलंटवर आम्हीं जे वांचवले ते हजार-दीड हजार असतील. हा हिशेब आम्हीं वहींत त्याच पानाखालीं लिहून ठेवला आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी घरांतील सर्वांसाठीं. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये. आंतलें पाणी शंभर अंशांच्या वर असूनही दाबामुळें उकळत नसतें. झांकण फिरवतांच तें एकदम वाफ होऊन तोंडावर येतें. कुकरची वाफ न दवडतां झांकण ओढणाऱ्या सुनेला सासू जें सांगते तेंच येथें सांगावें. दुसरी गोष्ट, ग्लायकॉलचें कूलंट चवीला गोड असतें आणि विषारी असतें. जुनें काढलेलें कूलंट आंगणांत ओतूं नये, उघड्या बादलींत ठेवूं नये. वासरूं, कुत्रें, रांगतें मूल, कोणीही त्याला तोंड लावील. डबा बंद करून, चिठ्ठी लावून, औषधांच्या कपाटापासून आणि स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा.

आतां शेवटीं आमच्या विषयाकडे, म्हणजे शब्दाकडे येतों. आपण सध्यां निदान म्हणतों तें रोगाच्या नांवाला. डॉक्टरांनीं ‘अमुक झालें आहे’ असें सांगितलें कीं निदान झालें. माधवनिदान ज्यांनीं उघडून पाहिलें असेल त्यांना ठाऊक आहे कीं रोग ओळखण्याचीं तेथें पांच साधनें सांगितलीं आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. यांत निदान म्हणजे रोगाचें मूळ कारण. धूर, बुडबुडे, टणक नळी हें रूप; पाणी थोडें थोडें कमी होत होतें तें पूर्वरूप. पहिल्या गृहस्थानें रोगाचें नांव बरोबर सांगितलें, पण निदान केलें नाहीं. आणि कारणाची जी जागा त्यानें रिकामी सोडली, ती आम्हीं घरच्यांनीं ओसरीवर बसून सर्वांत दुबळ्या माणसाच्या नांवानें भरून टाकली. घराघरांत हेंच चालतें. मुलगा नापास झाला, दूध नासलें, दागिना हरवला, कीं नांव ठेवावयास कोणी तरी तयारच सांपडतो, आणि वही कोणी काढीत नाहीं.

गाडी आतां पूर्ववत् चालू आहे. दर सोमवारीं सकाळीं, इंजिन थंड असतांना, मुलगा पाण्याची पातळी पाहतो आणि आम्हांला सांगतो. आम्ही ती वहींत लिहितों. मागच्या महिन्यांत त्यानें तेलाची गाळणी मागितली. गाळणी कशाला लागते तें आम्हीं आधीं त्याला विचारून घेतलें, मग पैसे दिले.